स्ट्रोक वाढवला, पण क्रँक अडतो

प्रश्न : जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात 6 मिमी जास्त स्ट्रोकचा (म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँकशाफ्ट बसवला आहे. हाताने फिरवताना तो एके ठिकाणी अडतो. ब्लॉक घासून घ्यावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ब्लॉक घेऊन बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत गाठण्यापूर्वी नेमके काय अडते ते पाहावे. स्ट्रोक 6 मिमीने वाढला म्हणजे क्रँकपिन (क्रँकचा, रॉड जिथे बसतो तो भाग) 3 मिमी बाहेर सरकली. त्यामुळे कनेक्टिंग रॉडच्या बोल्टचे डोके सिलिंडरच्या खालच्या कडेला, तळाच्या तेलाच्या टाकीला (ऑइल संप) किंवा काही इंजिनांत कॅमशाफ्टला लागते, आणि पिस्टन तळाशी आला की त्याचा स्कर्ट (खालचा घेर) क्रँकच्या काउंटरवेटला (समतोलाच्या वजनाला) टेकू शकतो. प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे तपासून निदान 1.5 मिमी जागा मोकळी ठेवावी. घासायचेच झाले तर थोडे थोडे घासावे, कारण पाण्याच्या जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) भोक पडले की ब्लॉक भंगारात जातो.

पिस्टन वरही 3 मिमी अधिक चढतो, हे बहुतेक जण विसरतात. रॉड जुनेच असतील तर तेवढ्या कमी कॉम्प्रेशन हाइटचे (पिस्टनपिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतच्या उंचीचे) पिस्टन लागतील. दाबलेल्या गॅस्केटची जाडी धरून पिस्टन आणि हेड यांत सुमारे 1 मिमी अंतर राहिले पाहिजे. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत ना, हे पाहण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ, तेलकट माती लावावी (गणपतीची शाडू नको, ती वाळून तडकते), टायमिंग जुळवून हेड आवळावे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि दबलेली माती ब्लेडने कापून तिची जाडी मोजावी. इनटेक व्हॉल्व्हखाली ती किमान 2 मिमी, एक्झॉस्टखाली 2.5 मिमी हवी.