राइस स्विफ्ट की ब्रँडेड स्विफ्ट?

प्रश्न: ताई, सप्टेंबरात गावी गेले होते तेव्हा भाताच्या बांधावर एक छोटं तपकिरी फुलपाखरू दिसलं, पंखांवर पांढरे ठिपके. फोटो दोन जाणकारांना पाठवला, तर एक म्हणाले राइस स्विफ्ट, दुसरे म्हणाले स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट. नक्की काय समजू? सोबत फोटो पाठवतेय.
- एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: दोघांचंही चुकलं असं मला वाटत नाही, कारण ही दोन फुलपाखरं खरंच इतकी सारखी आहेत. राइस स्विफ्ट म्हणजे बोर्बो सिनारा आणि दुसरं पेलोपिडास मथायस, म्हणजे नुसती जात नाही तर जीनसच (जवळच्या जातींचा गट) वेगळी, आणि दोघांच्याही अळ्या भातावर वाढतात त्यामुळे शेतात दोन्ही भेटू शकतात. पूर्वी दोन्ही हेस्पेरिया याच नावाखाली होती, बोर्बो ही वेगळी जीनस फुलपाखरांचे अभ्यासक ब्रिगेडियर इव्हान्स यांनी 1949 मध्ये केली.

आता तुमचा फोटो. पंख मिटलेले आहेत, म्हणजे फक्त खालची बाजू दिसतेय. मथायसच्या मागच्या पंखावर बारीक ठिपक्यांची कमान असते आणि त्या कमानीच्या आत, पंखाच्या मुळाकडे, एक सुटा पांढरा ठिपका असतो. सिनारात तो सहसा नसतो. मी फोटो खूप झूम करून बघितला, पण नेमकी तीच जागा भाताच्या पानाआड गेलीय! वरची बाजू दिसली असती तर नराचं काम सोपं होतं, मथायसच्या नराच्या पुढच्या पंखावर एक तिरकी बारीक करडी रेघ असते, तोच तो ब्रँड, सिनाराच्या नराला तो नसतो. मादीला मात्र दोन्हीकडे ब्रँड नाही, तिथे भलेभले अडकतात. त्यात पार्नारा नावाची तिसरी जीनस पण अशीच दिसते, तिच्या मिशा पुढच्या पंखाच्या निम्म्याहूनही आखूड. काही नमुन्यांचा निकाल तर जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच लागतो.

म्हणून तुमच्या नोंदीत सध्या फक्त ‘स्विफ्ट, जीनस अनिश्चित’ एवढंच लिहा, प्लीज. अंदाजाने टाकलेलं नाव पुढे कुणीतरी खरं धरून चालतं आणि ते निस्तरायला फार जड जातं.

पुढच्या वेळी सकाळच्या उन्हात जा, ही फुलपाखरं तेव्हा पुढचे पंख अर्धवट उघडून बसतात. आणि मधे येणारं पान हाताने बाजूला करू नका, लगेच उडतात, जरा थांबलात तर स्वतःच वळून बसतात.