मूळ संहितेपर्यंत जाण्याविषयी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या उत्तरार्धातील, एका पुस्तकाचे मराठी भाषांतर तू हाती घेतले आहेस आणि ग्रीक शिकण्यात काही वर्षे घालवण्याऐवजी चार-पाच इंग्रजी भाषांतरे शेजारी मांडून काम भागवावे, असा तुझा विचार दिसतो. जवळजवळ असाच प्रश्न चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम यांच्यापुढे उभा राहिला होता. त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला, ती रीत हाच माझ्या मते त्यांचा टिकलेला वारसा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लॅटिनमध्ये तेव्हा शुभवर्तमानांची, म्हणजे नव्या करारातील येशूच्या चरित्रांची, भाषांतरे मुबलक होती. अडचण त्या मुबलकतेचीच होती. जितकी हस्तलिखिते जवळजवळ तितके पाठ, अशी तक्रार जेरोम यांनी पोप दमासस यांना उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत केली आहे. या पाठांची आपापसांत तुलना करून बहुमताने निर्णय घेता आला असता, परंतु नकलाकारांच्या चुका आणि भाषांतरकारांच्या समजुती अशाने निवळत नाहीत, हे ओळखून ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांकडे गेले. तिथेही त्यांनी हात आवरता ठेवला: जिथे अर्थ बदलत होता तिथेच दुरुस्ती केली, बाकीचा परिचित पाठ तसाच राहू दिला. तुझ्यासमोरच्या इंग्रजी आवृत्त्या जिथे एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे कोणती बरोबर हे त्या आवृत्त्या तुला सांगू शकणार नाहीत.

दमासस 384 मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी जेरोम यांनी रोम सोडले. 386 पासून ते बेथलेहेमला राहिले. पॉला या श्रीमंत रोमन विधवेने आपल्या पैशाने तिथे मठ उभारले. ती आणि तिची मुलगी युस्टोकियम या दोघी हिब्रू शिकल्या, आणि जेरोम यांची कित्येक पुस्तके त्यांच्याच आग्रहाने लिहिली गेली. जुन्या करारासाठी, म्हणजे बायबलच्या पूर्वार्धासाठी, जेरोम यांनी आधी प्रचलित ग्रीक पाठाचा आधार घेतला होता, पण हा पाठ म्हणजेही भाषांतरच, हे मनाला टोचू लागल्यावर साधारण 390 ते 405 या काळात त्यांनी मूळ हिब्रूवरून नवे भाषांतर केले.

ही भाषा त्यांना सुखासुखी आलेली नव्हती. तरुणपणी सीरियातील काल्किसच्या वाळवंटात, ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी माणसाकडून त्यांनी धडे घेतले. रोमन वक्ता सिसेरो याच्या घोटीव लॅटिनवर पोसलेल्या कानांना ते घशातले उच्चार असह्य होत. कितीदा निराश होऊन सोडून दिले आणि पुन्हा सुरुवात केली, हे त्यांनीच पुढे एका पत्रात नोंदवले आहे. बेथलेहेमला बारानिना नावाचे यहुदी शिक्षक स्वजनांच्या भीतीने रात्री येऊन त्यांना शिकवत. बायबलमधील तोबितच्या पुस्तकाची हकिगत तर मला फार आवडते. ते अरामी भाषेत होते आणि जेरोम यांना ती भाषा पुरेशी येत नव्हती. त्यांनी दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस गाठला. तो अरामी वाचून हिब्रूत सांगे, जेरोम ते लॅटिनमध्ये सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. एका दिवसात पुस्तक पुरे झाले, आणि ते कसे झाले हे त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे लिहिले.

आता लोकांनी याचे स्वागत कसे केले, तेही ऐक. ओइया, म्हणजे आजचे लिबियातील त्रिपोली, येथील बिशपांनी जुन्या करारातील योनाच्या पुस्तकाचे जेरोम यांनी केलेले नवे भाषांतर उपासनेत वाचले. त्यात एका वेलीचे नाव बदललेले ऐकून मंडळीत असा गदारोळ उठला की बिशपांना आपली माणसे गमावण्याची पाळी आली. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी हे 403 मधील पत्रात जेरोम यांना कळवले आणि आपली नापसंतीही लपवली नाही. स्तोत्रसंहितेचे तर असे झाले की हिब्रूवरून केलेला त्यांचा पाठ बाजूला राहिला आणि ग्रीकवरून सुधारलेला जुना पाठच उपासनेत गायला गेला, कारण तो लोकांच्या ओठांवर होता. ज्या लॅटिन बायबलला आपण व्हल्गेट म्हणतो तो ग्रंथही सर्वस्वी त्यांचा नाही. शुभवर्तमानांपलीकडचा नवा करार बहुधा दुसऱ्या कोणी सुधारला, आणि ‘ज्ञानग्रंथ’ व मक्काबींची पुस्तके जुन्या लॅटिनमधूनच आली. हे सारे हळूहळू एकत्र बांधले गेले, 1450 च्या दशकात गुटेनबर्गने छापले आणि 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने अधिकृत ठरवले. जेरोम 420 मध्येच वारले होते. तुझ्या पहिल्या आवृत्तीवर मंडळींत काय बोलले जाईल, याची तू पत्रात केलेली काळजी या हिशेबाने पाहा.

त्यांचा स्वभाव मात्र घेऊ नकोस. बालपणचे मित्र रुफिनस यांच्याशी त्यांनी ज्या भाषेत वाद घातला ती आजही वाचवत नाही, आणि ज्या यहुदी समाजातील शिक्षकांकडून ते शिकले त्याच समाजाविषयी त्यांनी लिहिलेले काही उद्गार निषेधार्हच आहेत. विद्वत्तेच्या पोटी हे सारे माफ करण्याची आपल्याकडेही सवय आहे.

मराठीत याच वाटेने गेलेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुझ्याजवळ आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले, आणि 1922 मध्ये देह ठेवण्यापूर्वी ते काम तडीस नेले. छापण्याच्या कामातही मिशनमधल्या बायकांचे हात होते. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी पंडिती मराठी टाळली, हे तुझ्या वाक्यरचनेच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे.

तेव्हा ग्रीकची मुळाक्षरे या महिन्यातच गिरवायला घे आणि भाषांतराला वर्षभर हात लावू नकोस. दरम्यान जेरोम यांच्या प्रस्तावना एकेक करून वाच; कोणता पाठ घेतला, कोणाला विचारले, कुठे शंका राहिली, हे ते कसे मांडतात ते टिपून ठेव, आणि तुझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचा कच्चा मसुदा मला भाषांतराच्या आधी पाठव.

तुझा शुभचिंतक