अर्धी रिकामी गॅलरी, आणि तिचा भुर्दंड कुणाला

तुझा प्रश्न असा की युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल मॅचला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसतात पण टीव्हीचे पैसे तर येतातच, मग नुकसान नक्की कुणाचं होतं. मी इथे अमेरिकेत बरीच वर्षं हा खेळ जवळून बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टीव्हीचं. मार्च महिन्यातल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांनी २०१० मध्ये १४ वर्षांचा १०८० कोटी डॉलरचा करार केला, पुढे तो २०३२ पर्यंत वाढवला. हा पैसा एनसीएएकडे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेकडे जातो, तिथून कॉन्फरन्समार्फत (कॉलेजांचे गट) कॉलेजांना, आणि त्याचा तुमच्या गॅलरीशी काही संबंध नाही. तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं हा मात्र घरचा पैसा, आणि तो माणूस आला तरच येतो.

त्यात जाहीर होणारा प्रेक्षकांचा आकडा बहुतेक वेळा दिलेल्या तिकिटांचा असतो, गेटवर स्कॅन झालेल्यांचा नाही. सीझन तिकीट घेतलेला माणूस मंगळवारी रात्री ९ च्या मॅचला घरीच बसला तर तिकिटाचे पैसे कॉलेजला आधीच मिळालेत, पार्किंगचे आणि नाचोचे गेले, आणि असा दोन वर्षं घरी बसलेला माणूस तिसऱ्या वर्षी तिकीट रिन्यूच करत नाही. म्हणजे खरं नुकसान उशिरा दिसतं, तोवर सगळे म्हणत असतात की आकडे तर ठीक आहेत. शिवाय चांगल्या जागेसाठी कॉलेजला जी देणगी द्यावी लागते तिच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी टॅक्समध्ये सूट होती, ती २०१८ पासून बंद झाली, त्यामुळे तीच खुर्ची आता जास्त महाग पडते.

आता खरी गोष्ट सांगतो, लुईव्हिलची. केंटकीतलं हे शहर बास्केटबॉलवेडं. २०१० मध्ये डाउनटाउनमध्ये ओहायो नदीकाठी २३.८ कोटी डॉलर खर्चून केएफसी यम सेंटर (अरीना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम) बांधलं, २२ हजार क्षमता, मुख्य भाडेकरू लुईव्हिल युनिव्हर्सिटी. पैसा उभा केला बाँड, म्हणजे कर्जरोखे काढून, आणि हिशोब असा की अरीनामुळे आजूबाजूच्या भागात टॅक्सची जी वाढ होईल त्यातून कर्ज फेडायचं. सुरुवातीच्या वर्षांत गॅलरी तुडुंब, तरी ती वाढ अंदाजाइतकी आलीच नाही! शेवटी २०१७ मध्ये सगळी नव्याने मांडणी झाली, शहराने वर्षाला १ कोटी ८ लाख डॉलरपर्यंत द्यायचे, युनिव्हर्सिटीने वर्षाला आणखी २४ लाख २० हजार, आणि टॅक्सची ती योजना २०५४ पर्यंत लांबवली. आणि मग टीमच कोसळली, २०२२-२३ मध्ये ४ विजय आणि २८ पराभव, पुढच्या वर्षी ८ आणि २४. गर्दी आटली, पण बाँडचा हप्ता आटत नाही ना. मार्च २०२४ मध्ये कोच बदलला, नव्या कोचच्या पहिल्याच वर्षी २७ विजय आले आणि लोक परत यायला लागले.

माझ्या मते इथेच लोक चुकतात. रिकाम्या खुर्च्या गुणिले ५० डॉलर करून शहराचं इतकं नुकसान झालं असं म्हणतात, ते बरोबर नाही. जो मॅचला आला नाही तो बहुतेक वेळा उपनगरात पिझ्झा खातो नाहीतर सिनेमाला जातो, पैसा शहरातच फिरतो, अर्थतज्ज्ञ हे वर्षानुवर्षं सांगताहेत. पण तो अरीनाच्या शेजारच्या हॉटेलात फिरत नाही, आणि तिथल्या वेट्रेसला टिप मिळत नाही. मार बसतो तो ज्यांचं उत्पन्न माणशी किंवा टक्क्यावर आहे त्यांना.

हे मी स्वतः अनुभवलंय. अनेक अरीनात खाण्याचे स्टॉल स्वयंसेवी गट चालवतात आणि विक्रीतला ठरलेला टक्का त्यांना मिळतो. मुलीच्या हायस्कूल बँडसाठी आम्ही आठ-दहा पालक असा स्टॉल चालवायचो. मॅचच्या दोन तास आधी पोचायचं, हातमोजे घालून हॉटडॉग फॉइलमध्ये गुंडाळायचे, चीजची मशीन गरम करायची. डिसेंबरमधल्या एका मॅचला समोर कुणीतरी अगदीच छोटं कॉलेज होतं, हाफटाइमला जिथे एरवी वीस-पंचवीसची रांग असते तिथे सहा जण उभे होते. रात्री ११ वाजता गुंडाळलेले हॉटडॉग मोजून कचऱ्यात टाकले, आणि त्या रात्रीच्या आमच्या वाट्यातून एका मुलाचीसुद्धा बँडच्या ट्रिपची फी निघाली नसती. मला अजून वाईट वाटतं, कारण मुलं त्या पैशावर अवलंबून होती.

आणि ती छोटी कॉलेजं पण यात आहेतच. मोठी कॉलेजं त्यांना पैसे देऊन खेळायला बोलावतात, आणि त्या रकमेवर त्यांचं वर्षाचं बजेट टेकलेलं असतं. अशा मॅचना लोकच येईनात तर मोठं कॉलेज आधी तोच खर्च कापायला बघणार, कारण २०२५-२६ पासून खेळाडूंना कमाईतला थेट वाटा द्यायची परवानगी मिळाली आहे, पहिल्या वर्षी कॉलेजमागे कमाल २ कोटी ५ लाख डॉलर, आणि तो पैसा कुठूनतरी काढायचाय.

तुला या विषयावर प्रोजेक्ट करायचा असेल तर प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यापासून सुरुवात करू नकोस. कॉलेज सरकारी असेल तर स्कॅन झालेल्या तिकिटांची माहिती सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागता येते, ती माग, आणि अरीना कॉलेजच्या मालकीचा आहे की शहराच्या, बाँडचा हप्ता कोण भरतंय हे बघ.