रोजच्या घरकामातून होमस्कूलिंगचा अभ्यास कसा घ्यायचा?

शक्यतो वेगळा तास लावू नका, जे काम तसंही करायचंच आहे त्यात एक प्रश्न टाकायचा, बस. स्वयंपाकात प्रमाण दुप्पट करायला सांगा, पाऊण कपाचा दीड कप होतो, आणि मोजायला मुद्दाम फक्त पाव कपाचं माप द्या म्हणजे सहा वेळा भरावं लागतं आणि पोर स्वतःच पुटपुटत मोजतं, अपूर्णांक असे पटकन डोक्यात बसतात. कृती मोठ्याने वाचली की भाषा पण झाली.

कपडे वाळत घालताना दोन सारखे रुमाल घ्या, एक पसरून, एक घडी करून, दर अर्ध्या तासाने हात लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. बाष्पीभवन हा शब्द नंतर सांगा, आधी हा का सुकला आणि तो का नाही यावर त्याला डोकं खाजवू दे (लगेच उत्तर देऊन मोकळं व्हायची खोड मला अजून आहे).

विजेचा मीटर तर खजिनाच, १ युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण १ तास, मग १० वॉटचा बल्ब तेवढ्याच विजेवर १०० तास चालेल हे जरा मोठी मुलं स्वतः काढतात. इतिहासाला आजीआजोबांची मुलाखत रेकॉर्ड करून लिहून काढायची, शुद्धलेखन त्यातच येतं.

फक्त प्रत्येक कामात अभ्यास घुसवू नका, पोरं कामालाच टाळायला लागतात. आणि भागाकारासारख्या गोष्टींना रोज २० मिनिटं वही-पेन्सिल लागतेच, ते घरकामातून आपोआप येत नाही.