‘काळजी’ वाटते की घेतो?

प्रश्न असा आलाय की ‘ब्रीफ आयपीक्यू’ नावाच्या प्रश्नावलीचं मधुमेहाच्या पेशंटसाठी मराठी करतोय, आणि त्यातल्या ‘कन्सर्न्ड’ला काळजी म्हणायचं की चिंता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही २००६ सालची छोटी प्रश्नावली आहे, आपल्या आजाराकडे पेशंट स्वतः कसा बघतो ते विचारणारी. आठ प्रश्नांना ० ते १० मधला आकडा द्यायचा आणि नवव्यात आपल्या मते आजाराची तीन कारणं लिहायची.

माझं मत काळजीलाच, पण क्रियापद बघून. तुमच्या मसुद्यात ‘तुम्हाला तुमच्या आजाराची किती काळजी आहे?’ असं आहे, तिथेच घोळ आहे. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो, तिन्ही आपण दिवसभर बोलतो आणि ‘काळजी आहे’ म्हटलं की ऐकणारा त्यातली हवी ती उचलतो. मी हेच वाक्य आईला वाचून दाखवलं, तिला बरीच वर्षं शुगर आहे, तर ती लगेच म्हणाली, "नऊ घाल. भात सोडलाय, गोळी एक दिवस चुकत नाही, अजून किती काळजी घ्यायची?" म्हणजे बाई पथ्याचं सांगतेय आणि कागदावर ती घाबरून गेलेली पेशंट! मग ‘आजाराबद्दल किती काळजी वाटते’ असं विचारलं तर म्हणाली, "वाटते थोडी, डोळ्यांची. तीन घाल."

आणि ही चूक भाषांतराच्या नेहमीच्या तपासणीत सापडणार नाही हो. मराठीचं उलट इंग्रजी भाषांतर करून बघाल तर काळजीचं परत ‘कन्सर्न’च होईल, सगळं बरोबर दिसेल. दोन आठवड्यांनी त्याच माणसाला परत विचारलंत तरी तो तसंच चुकीचं समजून तोच आकडा देईल, आकडे जुळतील आणि आपण खूश. म्हणून पाचदहा पेशंटसमोर बसून ‘तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?’ हे त्यांच्याच शब्दांत ऐकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

चिंता चुकीचा नाही, पण जड आहे, ‘प्रकृती चिंताजनक’ वाचून वाचून तो आयसीयूच्या दारात जाऊन बसलाय. धास्ती नको, कारण भीती, राग, उदास वाटणं हे आठव्या प्रश्नात वेगळं विचारलंय. घोर मला मनापासून आवडतो, ‘जिवाला घोर लागला’ याचा दुसरा अर्थ कुणी काढूच शकत नाही, पण त्यात ० ते १० बसत नाही, घोर थोडासा लागत नाही.

जाता जाता ‘आजार’ही बघा. शुगरवाली माणसं ‘मी आजारी नाही, मला फक्त शुगर आहे’ असंच म्हणतात, कारण आजारी म्हणजे अंथरूण धरलेला. मूळ प्रश्नावलीत ‘आजार’च्या जागी त्या त्या आजाराचं नाव घालायची मुभा आहे, ती बिनधास्त वापरा, आणि मधुमेह लिहिलंत तरी शेजारी शुगर लिहाच. म्हणजे वाक्य असं होईल: ‘तुमच्या मधुमेहाबद्दल (शुगरबद्दल) तुम्हाला मनातून किती काळजी वाटते?’ त्यातलं ‘मनातून’ काढू नका, त्या शब्दाने पथ्य आणि गोळ्या बाजूला राहतात.