वणवा विझवायला पहिल्यांदा जाताना काय घ्यावं

पुण्याच्या वेताळ टेकडी, तळजाई, कात्रज, सिंहगड, सगळीकडे फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं. खरेदीला निघण्याआधी अंगावर काय घालणार ते ठरव. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि सुती पँटच हवी. ट्रेकिंगचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात, ते घालून आलास तर मी तुला वर नेणार नाही. बूट चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंतचे. चामडी हातमोजे, गॉगल आणि किमान दोन लिटर पाणी घे.

पूर्वी हिरव्या डहाळ्या तोडून जाळ झोडपायचे. गवताच्या बुटक्या आगीला डहाळी आजही चालते, पण प्रत्येक वेळी जिवंत झाड ओरबाडलं जातं. म्हणून लांब दांड्याचा, रबरी पट्ट्यांचा झोडपा बरा. तो आपटू नकोस, दाबून धर, नाहीतर ठिणग्या उडतात.

आता हवेचा झोत मारणारे, पेट्रोलवर चालणारे ब्लोअर आलेत. पाचोळा उडवून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला उत्तमच, विशेषतः गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांखाली. मात्र नवख्याने तो जाळाच्या दिशेने कधीच धरू नये, वाऱ्याने आग पुढे पळते. पेट्रोलचा कॅन लांब, जळून गेलेल्या बाजूला ठेवायचा.

खबरही आता उपग्रहावरून भारतीय वन सर्वेक्षणाच्या एसएमएसने मिळते. पण उपग्रहाला दिसणारा आगीचा ठिपका ३७५ मीटर रुंद चौकोनाचा असतो, नेमकी जागा धुरावरूनच शोधावी लागते. धूर दिसला की आधी १९२६ वर वनविभागाला कळव, मग निघ. चढावर आगीच्या वरच्या बाजूला उभा राहू नकोस.