दादाचं १९८२ आणि माझं १९८२

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ५२. लहानपण परळच्या चाळीत गेलं. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. संपात मला कणकवलीजवळच्या गावी आजीकडे पाठवलं, मोठ्या भावाला मात्र मुंबईतच ठेवलं. आता भाचीसाठी त्या दिवसांबद्दल लिहायला बसले आणि दादाशी भांडण झालं. तो म्हणतो, तू दिवाळीनंतर गेलीस, वर्षभरसुद्धा राहिली नाहीस, आंबे-फणस खाऊन मजेत होतीस. मला आठवतं, वार्षिक परीक्षेच्या आधीच मला एसटीत बसवलं आणि मी दोन वर्षं तिकडे होते. मुलगी म्हणून मला दूर केलं, असं अजून वाटतं. ते लिहू का? आई-बाबा दोघंही नाहीत. विचारू कुणाला?

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. माझे वडील रातपाळीला थ्रॉसलमध्ये, म्हणजे सूतकताईच्या खात्यात असायचे. आमच्याकडे गावी गेली ती धाकटी बहीण, घरी राहिले ती मी. तेव्हा मी बोलते आहे ती थोडी तुमच्या दादाच्या बाजूने, हे आधीच सांगते.

तारखेचं भांडण आधी मिटवून टाका, कारण ते मिटण्यासारखं आहे. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, शेकडो दाखले माझ्या हातून लिहिले गेले. तुमची पहिली शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. जनरल रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख असते. शाळा बंद झाली असेल तर ती ज्या शाळेत मिळवली तिथे विचारा. गावच्या शाळेतही तुम्हाला कधी दाखल केलं आणि तिथून कधी काढलं, ते असणारच. दोन्हीकडचे उतारे समोर ठेवले की दिवाळी की परीक्षा, एक वर्ष की दोन, ते कळेल. दाखल्यावर आणखी एक रकाना असतो, ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असंच लिहिलेलं सापडेल. आम्ही शिक्षक सर्रास तेच लिहायचो. त्या दोन शब्दांवरून आईवडिलांच्या मनाचा अंदाज मात्र बांधू नका.

आता मनाचं. तुम्हाला मुलगी म्हणून पाठवलं का? असेलही. आपल्या घरांमधून तसं होत होतं आणि तसं वाटत असेल तर ते लिहा, दादाला आवडो न आवडो. पण आमच्या मजल्यावरून मुलगेही गेले. दोन-अडीच लाख कामगार घरी बसले होते, महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते, आणि मिटत नव्हतं. घरोघरी एकच हिशेब चालला होता, खाणारं तोंड कोणतं कमी करायचं आणि कोणाच्या हाताने चार पैसे येतील. माझी आई खानावळ चालवायची. अन्नपूर्णा महिला मंडळामुळे तिला कर्ज मिळालं होतं, त्यातून मोठी पातेली घेतलेली. संपात जेवायला येणारे गडी एकेक करून गावाला गेले. ज्यांनी गेल्या महिन्याचे पैसे दिले नव्हते त्यांची नावं वहीत तशीच राहिली. आईने शेवटपर्यंत ती वही फाडली नाही, कुणाकडे मागितलंही नाही.

वडिलांचा ॲल्युमिनियमचा डबा मला फार आठवतो. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं होतं. तो खुंटीला लटकत राहिला. एक दिवस आईने तो उतरवला आणि त्यात रेशनकार्ड, वीजबिल आणि गावाहून आलेली बहिणीची पोस्टकार्डं ठेवली. त्या डब्यात पुन्हा भाकरी गेली नाही. वडील दिवसभर घरात असायचे. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो एवढंच आम्हाला माहीत होतं. ते जागे असताना दहा बाय बाराच्या खोलीत कुठे बसायचं, तेच मला कळायचं नाही. मी जिन्यावर बसून अभ्यास करायची.

म्हणून दादाशी वाद घालू नका, त्याला विचारा. ‘तुला वाईट वाटलं का?’ असं विचाराल तर तो ‘नाही’ म्हणेल आणि विषय संपेल. त्याला विचारा, रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहायचं? शाळेतून आल्यावर तू काय करायचास? आईच्या गळ्यातली वाटी कधी गेली आणि नुसती पोत कधी राहिली? गावाहून तांदूळ-कुळीथ कोणाबरोबर यायचे, पिशवी आणायला कोण जायचं? तो बोलायला लागला की त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मग तुमचं लिहा : आजीची पेज, ‘मुंबैकारीण’ म्हणून चिडवणारी पोरं, कोणत्या दिवशी पोस्टमनची वाट पाहणं सोडलंत ते. त्याचं वेगळं, तुमचं वेगळं. दोन्ही एकत्र करून एकच गोष्ट करायचा खटाटोप नको. भाचीला दोन्ही वाचू द्या.

माझं एक सांगते, जे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बहीण गावी गेली त्या रात्री चटईवर मला पहिल्यांदा पाय लांब करायला जागा मिळाली. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मी खूप रडले. गेल्या वर्षी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा धीर करून ते तिला सांगितलं. मला वाटलं ती दुखावेल. ती म्हणाली, “मी पहाटे अंधारात जागी व्हायची आणि गिरणीच्या भोंग्याची वाट बघायची. गावात भोंगा कुठला! मला वाटायचं, तिकडे तो वाजतोय, तुम्ही सगळे उठलात, बाबा पाळीवरून आले, चहा झाला. सगळं माझ्याशिवाय चाललंय.”

मी तिला म्हटलं, “अगं, इथेही तो बंदच होता.”

हे तिला तेव्हा कुणीच कळवलं नव्हतं. पोस्टकार्डावर आम्ही लिहायचो, इकडे सर्व ठीक आहे.